दिवा राखणारी माणसे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भर समुद्रातल्या खडकांवर दीपगृहे कशी उभी राहिली, याविषयीचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली बहुतेक पत्रे बांधकामाबद्दल नव्हती, तर त्या बांधकामात आयुष्य काढलेल्या माणसांबद्दल होती, याचा मला मनापासून आनंद झाला. दीपगृह म्हटले की एकाकी मनोरा आणि त्यावरचा गूढ म्हातारा एवढेच चित्र आपल्यासमोर येते. त्या माणसाच्या हातात चिंधी, कात्री आणि तेलाचे भांडे असे, हे मात्र त्या चित्रात येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत मी शक्य तेथे त्याच्या कामाविषयी लिहिले आहे.

प्रश्न : संध्याकाळी दिवा लावायचा आणि सकाळी मालवायचा, एवढेच काम असताना दीपगृहावर दोन-तीन माणसे कशासाठी नेमत असत? उरलेला वेळ ती कसा घालवत?

उत्तर : बटण दाबायची सवय झाल्यामुळे दिवा लावणे ही आपल्याला एका क्षणाची गोष्ट वाटते. तेलाच्या काळात ज्योत रात्रभर राखावी लागे. आधी देवमाशाचे तेल, मग मोहरीच्या जातीतल्या बियांचे तेल आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल, अशी इंधने बदलत गेली, पण वातीचा स्वभाव बदलला नाही. वात जळते तशी तिच्यावर काजळी धरते, ज्योत तांबूस होऊन धुरकटते, काचेची चिमणी काळवंडते आणि काही मैलांवरच्या जहाजाला दिवा मंद दिसू लागतो. त्यामुळे रात्रीतून पुन्हा पुन्हा वात कातरायची, चिमणी पुसायची किंवा बदलायची आणि तेलाची पातळी पाहायची, असा क्रम चाले. अमेरिकेत या लोकांना ‘विकी’ म्हणत. वातीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दावरूनच ते नाव पडले होते.

दिवा फिरता असेल तर आणखी एक काम वाढे. भिंग फिरवणारे यंत्र मोठ्या घड्याळासारखे असे आणि मनोऱ्याच्या पोकळीत दोरीने किंवा साखळीने सोडलेले वजन हळूहळू खाली उतरताना ते चालवी. वजन तळाशी पोचण्यापूर्वी हातांनी दांडा फिरवून ते पुन्हा वर चढवावे लागे. कुठे दर अर्ध्या तासाने, तर कुठे काही तासांनी. यंत्र बिघडलेच तर रक्षक घड्याळ समोर ठेवून भिंग हाताने फिरवत राहात. ही काटेकोरी अनाठायी नव्हती, कारण प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय वेगळी असते आणि खलाशी तिच्यावरूनच दिवा ओळखतो. लय चुकली तर जहाजाला भलत्याच किनाऱ्याचा भास होतो, आणि माझ्या मते चुकीच्या लयीत फिरणारा दिवा विझलेल्या दिव्याहून कमी घातक नव्हता.

दिवस उजाडला की खरी मेहनत सुरू होई. फ्रेंच पदार्थशास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल याने तयार केलेले भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या जिरोंद नदीच्या मुखावरच्या कोर्दुआन दीपगृहात प्रथम बसवले गेले आणि पुढच्या काळात त्या पद्धतीची भिंगे जगभर गेली. एकच जाड भिंग वापरण्याऐवजी त्याने काचेची वर्तुळे आणि लोलक एकाभोवती एक असे रचले होते. मधली कडी प्रकाश वाकवत, तर वरची व खालची कडी तो आतल्या आत परावर्तित करून क्षितिजाकडे वळवत. पहिल्या वर्गाच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचे अंतर ९२० मिलिमीटर असते, म्हणजे मोठा माणूस आत सहज उभा राहू शकतो. एका संग्रहालयात असे भिंग मी अगदी जवळून पाहिले आहे. पितळी चौकटीत बसवलेल्या शेकडो काचा, प्रत्येकीच्या कडेला हिरवट झाक, आणि खालच्या रांगेतल्या एका लोलकाच्या कोपऱ्यावर नखाएवढा उडालेला टवका. त्या टवक्याकडे पाहताना, तो ज्याच्या पाळीत उडाला असेल त्या माणसाने त्या दिवशीची नोंद कशी लिहिली असेल, हाच विचार माझ्या मनात आला.

हे भिंग रोज सकाळी मऊ कातड्याने आणि स्वच्छ कापडाने पुसायचे, त्या वेळी अंगावर तागाचा अंगरखा घालायचा, म्हणजे कपड्यांची बटणे काचेला घासणार नाहीत, असा नियम होता. पुसून झाले की दिव्याच्या खोलीचे पडदे ओढून घ्यायचे. त्यांचा हेतू नुसती धूळ अडवण्याचा नव्हता. जे भिंग ज्योतीचा प्रकाश बाहेर फेकते तेच उन्हाची किरणे आत एका बिंदूवर गोळा करते, आणि पडदा ओढायचे राहिले तर दिवसाढवळ्या दिव्याच्या खोलीत आग लागू शकते. त्यानंतर पितळ घासायचे, शेकडो पायऱ्या चढून तेल वर न्यायचे, रंग द्यायचा, हवामानाची आणि दिसलेल्या जहाजांची नोंद करायची आणि पाळीपाळीने झोपायचे. स्कॉटलंडमध्ये पहाऱ्यावर डुलकी घेणाऱ्याला नोकरीवरून काढून टाकत. उरलेला वेळ कसा जाई, असे आपण विचारले आहे. तो फारसा उरतच नसे.

प्रश्न : दर दीपगृहावर तीन रक्षक ठेवण्याची प्रथा एका मृत्यूमुळे पडली असे वाचले. ते खरे आहे काय?

उत्तर : ब्रिटनपुरते ते खरे मानले जाते. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्मॉल्स नावाच्या खडकांवर लाकडी खांबांवर उभारलेले एक दीपगृह होते, आणि त्यावर दोनच माणसे असत. १८०१ च्या सुमारास तेथे थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ हे दोघे होते. दोघांचे पटत नाही, हे किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक होते. ग्रिफिथ अचानक मरण पावला. प्रेत समुद्रात सोडले तर खुनाचा आळ आपल्यावर येईल, या भीतीने हॉवेलने खोलीतल्या फळ्यांची पेटी केली आणि ती बाहेर कठड्याला बांधून ठेवली. खवळलेल्या समुद्रामुळे सुटकेची बोट कित्येक आठवडे खडकाला लागू शकली नाही. वाऱ्याने पेटी फुटून प्रेताचा हात बाहेर लोंबत होता, असेही सांगतात. त्यात सांगणाऱ्यांनी किती भर घातली असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. या सगळ्या काळात दिवा लागत राहिला. हॉवेल किनाऱ्यावर परतला तेव्हा तो ओळखीच्या माणसांनाही ओळखू येत नव्हता, असे म्हणतात. त्यानंतर अशा ठिकाणी तीन माणसे ठेवण्याचा शिरस्ता पडला.

तिसऱ्या माणसामुळे कामही वाटले जाई, पण मला त्याचे महत्त्व निराळे वाटते. दोघांत अबोला झाला तर घरात शब्द उरत नाही. तिसरा असला की निदान निरोप सांगायला कोणी तरी असतो, आणि गोल मनोऱ्यात, जेथे पलंगसुद्धा भिंतीच्या वळणाप्रमाणे वाकवून केलेले असत आणि एकमेकांपासून दूर जायला कोपराही नसे, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरील रक्षकांनी तर आपल्या नेमणुकांची तीन नावांत विभागणी केली होती : मुख्य भूमीवरचे दीपगृह म्हणजे स्वर्ग, बेटावरचे म्हणजे शुद्धिलोक (ख्रिस्ती समजुतीप्रमाणे स्वर्ग आणि नरक यांच्या मधली जागा) आणि भर समुद्रातले म्हणजे नरक.

प्रश्न : लाटा अधिक धोकादायक होत्या की आग?

उत्तर : दोन्ही, दोहोंचे एकेक उदाहरण देतो. इंग्लंडच्या एडिस्टोन खडकावरचा पहिला मनोरा हेन्री विन्स्टॅन्ली याने उभारला होता. १७०३ च्या महावादळात तो समुद्राने नेला आणि त्या रात्री मनोऱ्यातच असलेला विन्स्टॅन्लीही गेला. अमेरिकेत मायनट्स लेज येथे लोखंडी पायांवरचे दीपगृह १८५० साली सुरू झाले आणि १८५१ च्या एप्रिलमध्येच ते वादळात कोसळले. मुख्य रक्षक त्या वेळी किनाऱ्यावर होता आणि वर दोन मदतनीस होते. दोघेही बुडाले. त्या रात्री किनाऱ्यावरच्या लोकांना दिवा बराच वेळ दिसत होता आणि नंतर घंटा ऐकू आली होती.

आगीची गोष्ट पुन्हा एडिस्टोनचीच. तेथला पुढचा मनोरा लाकडाचा होता आणि १७५५ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या माथ्याला आग लागली. हेन्री हॉल हा तेथला रक्षक चौऱ्याण्णव वर्षांचा होता, असे सांगितले जाते. तो बादलीने पाणी वर फेकत असताना छताचे वितळलेले शिसे त्याच्या तोंडात पडले. शिसे पोटात गेल्याचे तो सांगत होता, पण डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसेना. बाराव्या दिवशी तो वारला आणि शवविच्छेदनात पोटातून सुमारे दोनशे ग्रॅम वजनाचा शिशाचा गोळा निघाला. तो आज एडिनबरोच्या संग्रहालयात आहे. त्या वयाचा माणूस त्या खडकावर नोकरी करत होता, याचेच मला अधिक वाईट वाटते.

प्रश्न : दीपगृहरक्षकांना पाऱ्याच्या वाफेमुळे वेड लागत असे, हे कितपत खरे?

उत्तर : यातला पारा खरा आहे. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये कित्येक टन वजनाचे भिंग पाऱ्याने भरलेल्या गोल पन्हळीत तरंगत ठेवण्याची पद्धत निघाली. घर्षण इतके घटले की ते भिंग एका बोटाने ढकलले तरी फिरे, आणि त्यामुळे दिवा पूर्वीपेक्षा पुष्कळ वेगाने फिरवता येऊ लागला. पाऱ्यात धूळ साचली की रक्षक तो काढून कापडातून किंवा कातड्यातून गाळत आणि पुन्हा भरत. हे काम बंद खोलीत, उघड्या हातांनी चाले. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला अपाय करते, हातांना कंप आणते आणि स्वभाव चिडखोर करते, हे वैद्यकाला ठाऊक आहे, आणि त्या माणसांना हे काम कोणत्याही संरक्षणाशिवाय करायला लावले गेले, ही अन्यायाचीच गोष्ट होती.

पण रक्षकांच्या वेडाच्या ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्यांतल्या कित्येक पाऱ्याची पद्धत येण्याच्या आधीच्या आहेत. वर सांगितलेला हॉवेल पाऱ्याच्या जवळपासही गेला नव्हता. धुक्याच्या दिवसांत तासन्‌तास वाजणारा भोंगा, तुटक झोप आणि वादळाने लांबलेली सुटका एवढी कारणे पुरेशी असताना सगळे खापर पाऱ्यावर फोडणे मला पटत नाही. भोंगा चालू असला की रक्षक बोलता बोलता थांबत, आवाज संपला की पुढचे वाक्य उचलत, आणि किनाऱ्यावर सुटीला आल्यावरही काहींची ही सवय जात नसे, असे सांगतात.

प्रश्न : स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरून तीन रक्षक नाहीसे झाले आणि टेबलावर अर्धवट खाल्लेले जेवण तसेच होते, ही घटना खरोखर घडली का?

उत्तर : माणसे नाहीशी झाली हे खरे, जेवणाची गोष्ट खोटी. फ्लॅनन बेटांवरचे दीपगृह १८९९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले होते. वर्षभराने, १९०० च्या डिसेंबरमध्ये, जेम्स ड्युकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघे तेथे होते. सामान आणि बदली रक्षक घेऊन जाणारी ‘हेस्पेरस’ ही बोट हवामानामुळे उशिरा, २६ डिसेंबरला पोचली, तेव्हा बेटावर कोणीही नव्हते. अर्धवट जेवण पुढे लिहिल्या गेलेल्या एका कवितेतून लोकांच्या मनात शिरले. रक्षक रडत होते, प्रार्थना करत होते, अशा ज्या नोंदी त्यांच्या वहीतल्या म्हणून छापल्या जातात, त्या नंतर कोणी तरी रचलेल्या आहेत.

चौकशी अधिकारी रॉबर्ट म्यूरहेड याला जे आढळले ते साधे होते. पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळची होती. पश्चिमेकडच्या धक्क्याजवळ, समुद्रसपाटीपासून तीसहून अधिक मीटर उंचीवर, दोर ठेवण्याची पेटी नाहीशी झाली होती आणि लोखंडी कठडे वाकले होते. दोघांचे पावसाळी कोट जागेवर नव्हते, तिसऱ्याचा खुंटीवर होता. दोर वाचवायला माणसे खाली गेली आणि अनपेक्षित मोठ्या लाटेने त्यांना नेले, हा त्याचा निष्कर्ष मला सर्वांत पटतो. तिसरा कोट न घालताच धावला, याचा अर्थ त्याने काही तरी पाहिले असावे, असे म्हणायलाही जागा आहे.

या अहवालातली एक नोंद मात्र कोणी फारशी सांगत नाही. वात कातरलेली होती, तेल भरलेले होते, भिंग पुसलेले होते. म्हणजे त्या दिवशीचे सकाळचे काम पूर्ण करूनच ते तिघे खाली उतरले होते.

प्रश्न : हे काम स्त्रियांनी कधी केले का? ग्रेस डार्लिंग हे एकच नाव ऐकले आहे.

उत्तर : ग्रेस डार्लिंग हिने ७ सप्टेंबर १८३८ रोजी इंग्लंडच्या लाँगस्टोन दीपगृहावरून वडिलांबरोबर वादळात होडी नेऊन फुटलेल्या ‘फॉरफारशायर’ बोटीवरच्या माणसांना वाचवले, तिची कीर्ती योग्यच आहे. पण रोजचे काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या हाती ते नवरा किंवा वडील अंथरुणाला खिळल्यावर, नाही तर वारल्यावर आले. अमेरिकेतल्या लाइम रॉक दीपगृहावर आयडा लुइस हिने आजारी वडिलांचे काम वर्षानुवर्षे सांभाळले, १८७९ मध्ये तिला रीतसर नेमणूक मिळाली आणि १९११ साली मृत्यूपर्यंत ती त्याच जागी राहिली. तिने वाचवलेल्यांची संख्या अठरा धरली जाते.

मला स्वतःला ॲबी बर्जेसची गोष्ट अधिक जवळची वाटते. १८५६ च्या जानेवारीत ती सोळा वर्षांची होती आणि मॅटिनिकस रॉक या उघड्या खडकावर आजारी आई व धाकट्या बहिणींबरोबर होती. वडील सामान आणायला गेले आणि वादळामुळे सुमारे चार आठवडे परतू शकले नाहीत. समुद्र खडकावरून वाहू लागला, जुने घर धुऊन निघाले, तेव्हा तिने सगळ्यांना मनोऱ्यात हलवले आणि पाण्यात गुडघाभर उतरून कोंबड्यांचे खुराडे उघडले. एक सोडून सगळ्या कोंबड्या तिने आत आणल्या. तेथे दोन मनोऱ्यांत मिळून अठ्ठावीस दिवे होते. ते सगळे ती रोज पुसत होती, भरत होती, लावत होती, आणि त्या काळात एकही रात्र दिवा लागला नाही असे झाले नाही. पुढे वडिलांची जागा दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नव्या रक्षकाला काम शिकवण्यासाठी ती मागे थांबली आणि त्याच्याच मुलाशी तिचे लग्न झाले.

प्रश्न : दीपगृहाचा प्रकाश किती अंतरावरून दिसतो?

उत्तर : दिवा कितीही प्रखर असला तरी पृथ्वीच्या गोलाईपुढे त्याचे चालत नाही. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला २.०८ ने गुणले की क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत मिळते. दिवा समुद्रापासून ३६ मीटर उंच असेल तर साडेबारा सागरी मैल. त्यात पाहणाऱ्याच्या उंचीचे अंतर मिळवायचे. जहाजावर ९ मीटर उंचीवरून पाहणाऱ्याला तो दिवा सुमारे पावणेएकोणीस सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ पस्तीस किलोमीटरवर, क्षितिजावर उगवताना दिसेल. मनोरे उंच बांधण्याचे किंवा उंच कड्यावर बांधण्याचे कारण हेच.

प्रश्न : आता कोठे रक्षक उरले आहेत का? उपग्रहांमुळे जहाजाला आपली जागा कळत असताना दीपगृहांची गरज तरी काय?

उत्तर : रक्षकाशिवाय चालणाऱ्या दिव्यांना स्वीडनच्या गुस्ताफ दालेन याने मोठी चालना दिली. त्याची ‘सूर्यझडप’ १९०७ सालची. काळा दांडा उजेड शोषून, चकचकीत दांड्यांपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि ॲसिटिलीन वायूची वाट बंद करतो. अंधार पडला की दांडा आकसतो आणि दिवा आपोआप पेटतो. १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी वायूच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. त्यानंतर वीज आली, हेलिकॉप्टरने दुरुस्तीची माणसे नेणे सोपे झाले आणि एकेक दीपगृह रिकामे होत गेले. ब्रिटनमधले शेवटचे रक्षक १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये नॉर्थ फोरलँडवरून उतरले, जपानमधले २००६ मध्ये मेशिमा बेटावरून. कॅनडात मात्र काही दीपगृहांवर अजून रक्षक राहतात. हवामान सांगणे आणि अडचणीतल्या बोटींना मदत मिळवून देणे ही त्यांची कामे आहेत.

उपग्रहाचा संदेश चुकू शकतो, अडवता येतो आणि जहाजावरच्या यंत्राचा पडदा बंद पडू शकतो. लहान होडीतल्या माणसाला डोळ्यांनी दिसणारी खूण अजूनही लागते, त्यामुळे दिवा काढून टाकावा असे मला वाटत नाही. रक्षक गेल्यावर काय बदलते, हे मात्र एका गोष्टीवरून कळेल. जुनी मोठी भिंगे ज्या स्वयंचलित दीपगृहांत अजून आहेत, त्यांतली कित्येक आता दिवसाही फिरत ठेवलेली असतात. थांबलेल्या भिंगातून ऊन एकाच जागी पडून आग लागू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. सकाळी वर जाऊन पडदे ओढायला तेथे कोणी नसते.